धर्मशाळेकडून घराकडे : उज्जयिनीतील निराश्रितांच्या सेवेचा एक आढावा



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी व्यवस्थापक मंडळाचा ऋणी आहे. उज्जयिनीचा इतिहास म्हटला की विक्रमादित्य, कालिदास, महाकाल आणि वेधशाळा ही चार नावे आपल्या ओठांवर आपोआप येतात. आज मी त्यांपैकी कोणाविषयीही बोलणार नाही. महाकालाच्या रांगेच्या कडेला, रामघाटाच्या पायऱ्यांवर, रेल्वेच्या फलाटाच्या टोकाला जो माणूस वर्षानुवर्षे बसलेला आपण पाहतो आणि पाहून न पाहिल्यासारखे करतो, त्याच्यासाठी या नगरीने आजवर काय केले, हा माझ्या विवेचनाचा विषय आहे. इतिहासाच्या अध्यापकाला हा विषय आपला वाटावा, याचे कारण एवढेच की राजांच्या वंशावळीइतकीच समाजाच्या कणवेलाही वंशावळ असते. तीही शोधून पाहण्यासारखी आहे.

१

अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात माळव्यावर मराठ्यांचा अंमल स्थिरावला आणि उज्जयिनी राणोजी शिंद्यांच्या वाट्यास आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी गोपाळमंदिर उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेले आणि उज्जयिनी राजधानी राहिली नाही. पण तीर्थ म्हणून तिचे महत्त्व तसूभरही उणावले नाही. शेजारीच होळकरांचे राज्य. तेथे १७६७ ते १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी आपल्या खासगी उत्पन्नातून देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांची जी मालिका उभी केली, ती आपणा सर्वांस परिचित आहे.

या व्यवस्थेचे वैभव मी कमी लेखत नाही. ज्या काळी खानावळ नव्हती, आगगाडी नव्हती, त्या काळी हजारो कोसांवरून चालत आलेल्या यात्रेकरूस सदावर्तातून शिधा मिळे, धर्मशाळेत पथारीपुरती जागा मिळे. तरीही या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत होते आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. येणारा माणूस परत जाणार आहे, हे ते गृहीत. धर्मशाळेतील मुक्कामाला मर्यादा असे. बहुधा तीन दिवसांची. चौथ्या दिवशी त्याने गाठोडे उचलून पुढे निघावे, अशी अपेक्षा असे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, धर्मशाळा ही ज्याला घर आहे अशा माणसाची सोय होती.

ज्याला परतीचे घरच नाही त्याचे काय? वैधव्यानंतर क्षेत्रवासाच्या नावाखाली धाडून दिलेली स्त्री, हातापायांची बोटे झडू लागताच गावाबाहेर काढलेला महारोगी, भ्रमिष्ट झालेला भाऊ, यात्रेच्या गर्दीत मुद्दाम हात सोडलेली म्हातारी आई. ही माणसे चौथ्या दिवशी धर्मशाळेबाहेर येत आणि घाटावर बसत. अन्नछत्राने त्यांना उपाशी मरू दिले नाही, हे खरे. पण भूक भागली तरी रात्र उरतेच.

धर्मशाळेच्या या मर्यादा ज्यांनी आतून ओळखल्या त्यांत गाडगेमहाराजांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आंधळ्यापांगळ्यांसाठी सदावर्ते घातली. ज्यांना इतर धर्मशाळांत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. धर्मशाळेचे दार कोणाला बंद आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. ते दार उघडल्यावरही चौथ्या दिवसाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

२

या प्रश्नाला राज्यसंस्थेने दिलेले उत्तर प्रथम पाहू. ते दीर्घकाळ कोंडवाड्याचे उत्तर होते. १८९८ च्या कायद्याने रस्त्यावर फिरणाऱ्या निर्धन कुष्ठरुग्णास पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले गेले. म्हणजे दारिद्र्य दिसणे हाच गुन्हा ठरला. मध्य प्रदेशाने आपला भिक्षावृत्ती निवारण अधिनियम १९७३ मध्ये केला. पुढे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्याची दिल्लीत लागू असलेली प्रमुख कलमे घटनाबाह्य ठरवली. जगण्याचा मार्ग नसल्यामुळे पसरलेला हात हा गुन्हा कसा, हा त्या निर्णयामागचा प्रश्न होता.

दुसरे उत्तर अलीकडचे आहे. जनगणनेने २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री पदपथ, फलाट, देवळांचे मंडप धुंडाळून बेघरांची मोजणी केली, तेव्हा देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे आढळली. रात्री झोपलेला माणूस मोजायचा म्हणजे तो दिसावा लागतो. म्हणून ही संख्या कमीतकमी समजावी. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा आणि तो बारा महिने चोवीस तास उघडा असावा, असे फर्मावले. उज्जयिनीची २०११ ची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार. त्या हिशेबाने तिच्या वाट्याला पाच निवारे येतात. पण लक्षात घ्या, रात्रीचा निवाराही मुळात धर्मशाळेचाच वंशज आहे. धडधाकट मजुराला तो उपयोगी पडतो. ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही, ज्याच्या जखमेत किडे पडले आहेत, त्याला रात्रीची पथारी देऊन सकाळी कोठे पाठवणार?

३

तिसरे उत्तर समाजातून आले आणि त्याचा धागा महाराष्ट्रातून माळव्यात येतो. पंढरपूर हे उज्जयिनीसारखेच क्षेत्र. तेथे विठ्ठलाच्या नगरीत टाकून दिलेली अर्भके सापडत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये जे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्याच धर्तीची संस्था प्रार्थना समाजाने पंढरपुरात १८७५ मध्ये सुरू केली. त्या मुलांना परत जाण्याचे गाव नव्हते. म्हणून संस्थेलाच त्यांचे घर व्हावे लागले. निघून जाण्याची तारीख नसलेले घर ही कल्पना येथे प्रथम स्पष्ट दिसते.

कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हीच वाट वऱ्हाड-नागपूरकडे रुंदावली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन येथे काम आरंभले. आणि वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर १९५१ मध्ये बाबा आमटे आपल्या कुटुंबासह, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन राहावयास गेले. आनंदवनाची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. मला तिच्यातील एकच गोष्ट येथे अधोरेखित करावयाची आहे. दान घेणारा हात दुबळा होतो आणि काम करणारा हात, त्याला बोटे नसली तरी, सावरतो, ही बाबांची धारणा. अन्नछत्रात घेणारा आणि देणारा यांची जागा कायमची ठरलेली असे. आनंदवनात ती ठरलेली राहिली नाही. रुग्णांनीच विहिरी खणल्या, रुग्णांनीच विणकाम केले आणि गावाच्या बाजारात भाजी पाठवली.

येथे दूरच्या एका क्षेत्राचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. १९५२ मध्ये कलकत्त्यास मदर तेरेसा यांना रस्त्यावर मरणासन्न पडलेल्यांसाठी जागा हवी होती. महापालिकेने कालीघाटच्या देवळालगतची यात्रेकरूंची धर्मशाळा त्यांना दिली. तीन दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या वास्तूत माणसे अखेरच्या श्वासापर्यंत राहू लागली. आजच्या व्याख्यानाचे शीर्षक मला त्या वास्तूने सुचवले.

४

आता आपल्या नगरीकडे परतू. उज्जयिनीपासून काही कोसांवर, गंभीर धरणाच्या परिसरात अंबोदिया नावाचे गाव आहे. तेथे १९८९ मध्ये सुधीरभाई गोयल यांनी ‘अंकितग्राम सेवाधाम आश्रम’ सुरू केला. कुष्ठरुग्णांमधील कामापासून त्यांची सुरुवात झाली. बाबा आमट्यांपासून मिळालेली प्रेरणा ते मोकळेपणाने सांगत आले आहेत. म्हणजे अठराव्या शतकात दक्षिणेकडून माळव्यात मंदिरांचे जीर्णोद्धारक आले, तर विसाव्या शतकात वरोड्याहून एक विचार आला.

सेवाधामाचा विशेष असा की तेथे एकाच प्रकारच्या पीडितांसाठी दार ठेवलेले नाही. शासकीय संस्थांत वर्गवारी असते : वृद्धांसाठी एक, मनोरुग्णांसाठी दुसरी, अपंग बालकांसाठी तिसरी. रस्त्यावरचा माणूस या रकान्यांत क्वचितच बसतो. एखादी स्त्री एकाच वेळी मनोरुग्ण असते, क्षयाने ग्रासलेली असते आणि गरोदरही असते. प्रत्येक खाते तिला दुसऱ्या खात्याकडे पाठवते. सेवाधामात वृद्ध, मनोरुग्ण, दिव्यांग मुले, कुष्ठ व क्षयाचे रुग्ण, एचआयव्हीबाधित, टाकून दिलेल्या स्त्रिया अशी शेकडो माणसे एका आवारात राहतात. अशा ठिकाणी सेवा म्हणजे काय, हे भाषणात सांगणे सोपे नाही. केस कापणे, नखे काढणे, जखम धुणे, अंथरूण बदलणे, भरवणे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हेच पुन्हा करणे. अन्नदानाला मुहूर्त असतो, पंगत असते, दात्याच्या नावाची पाटी असते. अंथरूण बदलण्याला यांतले काहीच नसते. धर्मशाळा आणि घर यांतले अंतर मोजायचे असेल तर ते येथे मोजावे.

इंदूर शहरात १ जानेवारी २०२५ पासून भीक देण्यासही बंदी करण्यात आली. त्या मोहिमेत रस्त्यांवरून हलवलेल्या अनेकांना उज्जयिनीच्या सेवाधामात आणण्यात आले. म्हणजे एका शहराच्या स्वच्छतेचा भार दुसऱ्या गावच्या आश्रमावर आला. शासन आश्रमाकडे माणसे पाठवते. परंतु त्या प्रमाणात डॉक्टर, परिचारिका आणि निधीही पाठवला पाहिजे, हे विसरता कामा नये.

५

येथे स्तुती थांबवून काही प्रश्न विचारणे मी कर्तव्य समजतो. ज्या घरातून निघण्याची तारीख नाही, त्या घराचा कोंडवाडा होण्यास फारसा वेळ लागत नाही. जुलै २०२४ मध्ये इंदूर येथील विशेष मुलांच्या एका आश्रमात संसर्ग पसरून काही मुले दगावली, तेव्हा सारा माळवा हादरला. पाणी कोणी तपासले, वजने कोणी नोंदवली, पहिले मूल आजारी पडले तेव्हा कोणाला कळवले, हे प्रश्न भूतदयेच्या विरोधात नाहीत. जो स्वतःहून तक्रार करू शकत नाही, त्याच्यासाठी तक्रार करणारा कोणीतरी असलाच पाहिजे. आश्रम जितका मोठा, तितकी ही गरज मोठी. सेवाधामासारखी संस्थाही यास अपवाद नाही, आणि तिच्या हितचिंतकांनीच हे सर्वांत आधी म्हटले पाहिजे.

दुसरा प्रश्न परतीचा. डॉ. भरत वटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून हजारोंना त्यांच्या गावी पोचवले. या कार्यासाठी डॉ. वटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने भान परतले की माणूस गावाचे नाव सांगतो, नदीचे नाव सांगतो, मग कार्यकर्ता त्याच्याबरोबर रेल्वेत बसतो. ज्यांना घर नाही असे आपण समजतो त्यांपैकी कित्येकांना घर असते. फक्त वाट हरवलेली असते. अशांना कायमचे ठेवून घेणे हीसुद्धा त्यांची वंचनाच होय. तेव्हा चांगल्या आश्रमाला दोन गोष्टी साधाव्या लागतात : ज्याला जाता येईल त्याला पोचवणे आणि ज्याला जाता येणार नाही त्याला कधीही ‘आता निघा’ न म्हणणे.

६

मित्रहो, ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून उज्जयिनीकडे येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वाढला आहे आणि २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार आहे. घाट रुंद होतील, रस्ते होतील. गर्दीत हात सुटलेली, किंवा सोडून दिलेली, काही माणसेही मागे राहतील. प्रत्येक सिंहस्थाने ती ठेवली आहेत. त्यांची नोंद कोठल्याही बखरीत नाही. म्हणून या शाळेला, विशेषतः माजी विद्यार्थ्यांना, माझी एक विनंती आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षक आहेत. वाढदिवसाला आश्रमात जाऊन एक पंगत घालणे उत्तमच; पण त्या जोडीला डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी द्यावा, वकिलांनी आधारपत्रे व निवृत्तिवेतने मिळवून द्यावीत, हिशेबनिसांनी हिशेब पाहावेत आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तेथील वृद्धांच्या तोंडून त्यांचे गाव, त्यांचा धंदा, त्यांची माणसे टिपून ठेवावीत. त्या टिपणांतून कोणाला परतीची वाट सापडेल. ज्याला सापडणार नाही, त्याचे निदान नाव तरी मागे उरेल.