लठ्ठपणा, कंबरदुखी आणि एक ‘मुळे’

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं शीर्षक होतं, ‘लठ्ठपणामुळे होणारी कंबरदुखी व कामावरील गैरहजेरी’. गाइडनी एकाच शब्दाभोवती गोल केला: ‘मुळे’. “हे कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो थोडक्यात सांगतो.

आधी मोजपट्टी बघू. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना १८३२ सालची, बेल्जियमच्या केटले यांची. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, लठ्ठपणा नव्हे. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी तिला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यातून चरबी किती आणि स्नायू किती, हे कळत नाही. हमालाचा आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा बीएमआय सारखाच येऊ शकतो.

आता कंबर. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यातली सरकलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध दाखवला. कंबरेकडे यंत्रासारखं बघण्याला त्यातून बळ मिळालं. भार जास्त तर झीज जास्त! या हिशेबात लठ्ठपणा सहज बसतो.

पण गैरहजेरीचा हिशेब वेगळा निघाला. १९८६ मध्ये डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले, आणि बाकी सुधारणेत फरक नव्हता. म्हणजे रजा दुखण्यावर तर ठरतेच, पण डॉक्टरांच्या सल्ल्यावरही ठरते. १९९१ मध्ये बिगोस यांच्या गटाने बोइंगच्या ३,०२० कामगारांचा अभ्यास मांडला. कंबरदुखीची तक्रार कोण नोंदवेल, हे सांगण्यात कामाबद्दलची नाराजी शारीरिक मोजमापांपेक्षा उजवी ठरली.

मग वजनाचं काय? २००० मध्ये लबफ-इड यांनी ६५ अभ्यास तपासले. जेमतेम ३२ टक्क्यांत संबंध दिसला, तोही कमजोर. २०१० मध्ये शिरी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र केले. त्यात संबंध स्पष्ट झाला. वर्षभरातल्या कंबरदुखीसाठी ऑड्स रेशो १.३३ आला, तर दुखण्यासाठी उपचार घेण्याबाबत १.५६.

इथे थांबा आणि नीट बघा. दुखणं, डॉक्टरकडे जाणं आणि कामावर न जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा ‘आउटकम’ यातला कोणता, हे आधी ठरवा.

दुसरा प्रश्न बाणाच्या दिशेचा. पायलट सर्व्हेत एक कामगार मला म्हणाले, “सगळे म्हणतात आधी वजन उतरवा. अहो, कंबर धरली म्हणून चालणं सुटलं, आणि मग वजन वाढलं!” एकदाच माहिती गोळा केली, तर आधी काय आणि नंतर काय हे कळणारच नाही. शिवाय ज्यांनी कंबरेपायी नोकरीच सोडली, ते कारखान्याच्या यादीत सापडतच नाहीत.

माझं शीर्षक आता ‘लठ्ठपणा आणि कंबरदुखीमुळे होणारी गैरहजेरी: संबंधाचा अभ्यास’ असं आहे. एक ‘मुळे’ अजून शिल्लक आहे, पण रजेच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं, म्हणून तो चालतो. पहिला मात्र पुराव्याशिवाय लिहिला असता, तर त्या काकांच्या दुखण्याचा दोष मी त्यांच्याच माथी मारला असता.

तुमचं शीर्षक काढा बघू. त्यात किती ‘मुळे’ आहेत?