घड्याळ कुणाचं?



घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर आला, असं आपण सहज म्हणून जातो. गुरुजींनी एकदा मुलांना घेऊन हे पडताळून पहावं. शाळेच्या पटांगणात एक काठी सरळ उभी रोवायची आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते टिपून ठेवायचं. बीड गावी ती बाराला होत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून सुमारे ११ मिनिटांनी होते, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे ४१ मिनिटांनी, आणि वर्षाची सरासरी काढली तर १२ वाजून २७ मिनिटांनी. मग चुकतं कोण, सूर्य की घड्याळ?

चुकत कुणीच नाही. घड्याळातली वेळ मुळी बीडची नव्हेच. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. बीड त्या रेषेच्या पश्चिमेला पावणेसात अंशांवर आहे. पावणेसात चोक सत्तावीस!

हा हिशेब आपल्या जुन्या ज्योतिषांना नवा नव्हता. त्यांनी उज्जैनवरून जाणारी रेषा मूळ धरली होती. तिच्या पूर्वेच्या वा पश्चिमेच्या गावासाठी ते सहा अंशांना एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, या मानाने वेळेत फरक करीत. त्याला ते ‘देशांतर’ म्हणत. आणि बरं का, आपलं बीड जवळजवळ उज्जैनच्याच रेखांशावर आहे! लग्नघरी घंगाळातल्या पाण्यात तांब्याचे घटिकापात्र सोडत. ते बुडाले की घटका भरली. मुहूर्त साधायचा तो त्याच मांडवात, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात किती घटका झाल्या याची चौकशी करायचे कारणच नव्हते. बैलगाडीने मुंबईला निघालेल्या माणसाला तिथला सूर्य बारा मिनिटे मागे आहे, हे कळायचेही नाही.

आगगाडी आणि तारायंत्र आले, आणि ही सोय मोडली. दोन दूरच्या गावांतल्या माणसांना एकच क्षण ठरवण्याची गरज पडली. रेल्वेने एकोणिसाव्या शतकात मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. म्हणजे शहरातल्या घड्याळावर विसंबून स्टेशनावर गेलेल्या उतारूला गाडीची नुसती रिकामी रूळवाट दिसायची! १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. लोकांनी ती मानली नाही, आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या परिषदेने ग्रीनिचची रेषा शून्य मानावी असे ठरवले. त्या धोरणाने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ हिंदुस्थानात रेल्वे आणि तारखात्याने १९०५ च्या जुलैत घेतली, आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी वेळ झाली.

मुंबईत मात्र गहजब उडाला. ही वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? पण गिरणीतल्या माणसाच्या जागी उभे राहून पहा. भोंग्याची वेळ कागदावर तीच राहिली, तर खोलीतून त्याला ३९ मिनिटे आधी, अंधारातच बाहेर पडावे लागणार. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी याच कारणाने काम बंद ठेवले. त्यातून तो काळ बंगालच्या फाळणीचा. लोकांना विचारल्यावाचून लादलेले घड्याळही लोकांना खुपले. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर जुनी मुंबई वेळच ठेवली. एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. भेट ठरवताना ‘कुठल्या टायमानं?’ हे विचारावेच लागे. कलकत्त्याने १९४८ पर्यंत आपली वेळ सोडली नाही. मुंबईचे हे भांडण स्वराज्य आल्यानंतर काही वर्षांनी, १९५० च्या दशकात मिटले. मधल्या काळात महायुद्धामुळे सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ सगळी घड्याळे आणखी एक तास पुढे होती, ते वेगळेच.

हे सगळे आज कशाला उकरायचे? कारण तो प्रश्न आता आपल्या ओसरीवर आला आहे. समजा, गेवराईच्या एका घरातला मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरीला आहे. तो दर रविवारी तिथल्या सकाळी साडेनऊला फोन करतो. हिवाळ्यात ते शहर आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून इथे रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवणं उरकून आई वाट पाहत बसलेली असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे करतात. आपली करीत नाहीत. मग फोन सातलाच वाजतो. आई गोठ्यात धारेला बसलेली, आणि पोराला वाटते, घरी कुणी उचलत का नाही? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा तास पुन्हा फिरतो. इंग्लंडातही असेच, पण तारखा निराळ्या: मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.

म्हणून परगावच्या माणसाशी वेळ ठरवताना वेळ, वार आणि गाव, तिन्ही बोलून घ्यावीत. तिकडची शनिवारची रात्र ही आपली रविवारची सकाळ असते. आणि एक गोष्ट गिरणी कामगारांकडून शिकावी: घड्याळ कुणाच्या सोयीनं लावलं, आणि झोप कुणाची मोडली, हे विचारायला लाजू नये. दर खेपेला आईनंच जागायचं, असं कशाला? एक रविवार तिच्या सोयीचा, एक त्याच्या.

रेल्वेसाठी ही एक वेळ ठरली १९०५ साली. परळीला गाडी फार आधी आली, पण खुद्द बीड शहरात ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे १२० वर्षांनी. आता ती मिर्झापूरच्या रेषेवरच्या घड्याळाने सुटते. गाडी गाठायची तर तेच घड्याळ पहायला हवं. काठीची सावली मात्र अजून आपल्याच गावच्या माध्यान्हीला आखूड होते. मुलांना ती एकदा जरूर दाखवा.