जुन्नरचं राजचिन्ह कोणतं?

युरोपातल्या जुन्या शहरांना ढालीवर रंगवलेलं मानचिन्ह असतं. प्राचीन जुन्नरसाठी तसं काही शोधायचं, तर राजांच्या नाण्यांकडे जावं लागतं.

आधी नहपान घेऊ. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत त्याचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे, वर्ष ४६ चा. त्यात पाण्याची पोढी आणि मंडप दान केल्याची नोंद आहे. म्हणजे तेव्हा इथं क्षत्रपांचा अंमल होता. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आहे.

आता १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेला साठा बघा. नहपानाची १३ हजारांहून जास्त नाणी! त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलाय: एकीकडे तीन कमानींची टेकडी, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत, म्हणून कित्येकांवर खालचा जुना ठसा अजून दिसतो. आधी कोण, नंतर कोण, हे एकाच नाण्यावर वाचता येतं.

इथपर्यंत ठीक. गडबड होते ती अर्थ लावताना. जुन्या अभ्यासकांनी त्या टेकडीला 'चैत्य' म्हटलं. जुन्नरभोवती एवढी बौद्ध लेणी, त्यामुळे आपणही पटकन लिहून टाकतो: सातवाहनांचं बौद्ध चिन्ह. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच लिहिलं होतं. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

उत्तर शोधायला गेलो आणि वाक्य खोडावं लागलं. नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी देतो. शिवाय तीच टेकडी सातवाहनांच्या आधीच्या आहत नाण्यांवरही आहे. मग ती मूळची त्यांची कशी म्हणणार? त्यांनी ती वापरली आणि शत्रूच्या नाण्यावर उमटवली, एवढं मात्र पक्कं.

म्हणून एक सवय लावून घ्या. कुठलंही चिन्ह अभ्यासताना वहीत तीन रकाने आखा: काय दिसतं, कोणी कुठे वापरलं, अर्थ काय. पहिले दोन पेनानं भरा. तिसरा पेन्सिलीनं.