तालमीतली नाल

जिमची फी परवडत नाही म्हणून मोहल्ल्यातला एखादा मुलगा रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओततो, मध्ये लोखंडी पाइप रोवतो आणि वजन उचलू लागतो. लोक हसतात. पुण्याला मात्र ही रीत नवी नाही.

इथल्या पेठांतल्या तालमींचं साहित्य असंच हाताशी असेल त्यातून घडलं. पाथरवटाने दगड कोरून मूठ ठेवली की नाल झाली. सुताराने लाकूड तासून दिलं की करेला. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवलं की आखाडा तयार. जोर-बैठकांना तर तेवढंही लागत नाही.

गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम होती. वस्ताद मांग समाजाचे, शिष्यांत माळी समाजाचे जोतीराव फुले. जातीने शाळेची दारं बंद केली होती त्या काळात ही तालीम उघडी होती.

या जगाची भाषाही पाहा. तालीम आणि नाल अरबीतून आले. उस्तादाचा वस्ताद झाला. पैलवान, कुस्ती, जोर, लेझीम फारसीतले. हे शब्द परके आहेत असं तालमीत कुणाला वाटत नाही.

म्हणून त्या मुलाला हसू नका. एवढंच सांगा : दोन्ही डबे तोलून सारखे भर, सिमेंट आठवडाभर नीट मुरू दे, मगच उचल.