वंगणाचा हात

मी कवी माणूस. यंत्रांकडे ओढला गेलो तो ‘वंगण’ या शब्दामुळे. बैलगाडीच्या आसाला लागणारा हा शब्द पुढे पट्ट्याच्या ट्रॅक्टरलाही लागला. या ट्रॅक्टरचा इतिहास सांगणारे बहुधा पट्ट्यापाशीच थांबतात. मला बोलायचे आहे ते पट्ट्याच्या आतल्या रोलरविषयी.

कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळची जमीन काळी, भुसभुशीत, दलदलीची. तिथे वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. बेंजामिन होल्ट यांनी चाके रुंद करून पाहिली. एक यंत्र तर ४६ फूट रुंद झाले. अखेर मागची चाके काढून त्यांनी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्या यंत्राची चाचणी झाली आणि ते न रुतता चालले. चाल सुरवंटासारखी, म्हणून नाव पडले ‘कॅटरपिलर’.

पट्टा म्हणजे ट्रॅक्टरने स्वतःच अंथरायचा आणि स्वतःच उचलून घ्यायचा रूळ. त्यावरून धावतात ते लहान रोलर. यंत्राचा सारा भार त्यांच्यावर आणि मुक्काम चिखलात. रोलर आणि आस यांच्यामध्ये बुश असते. तिथे वंगणाचा थर आहे तोवर धातू धातूला खात नाही. सील झिजली की वंगण बाहेर येते, वाळू आत शिरते आणि बुश घासू लागते. म्हणून जुन्या यंत्रांत आसातल्या भोकातून हातपंपाने वंगण भरत. आतले काळे, मळके वंगण निघून स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारायचा, पण बेतानेच. जोर जास्त झाला की सील जायची.

ही यंत्रे आपल्या अन्नाच्या प्रश्नातही उतरली. १९४७ मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर हेच तिचे पहिले भांडवल. १९४९ मध्ये जागतिक बँकेने नव्या ट्रॅक्टरांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. मध्य भारत, भोपाळ भागात कांस गवताने शेते गिळली होती. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मुळ्या उघड्या पाडून उन्हात वाळवायच्या, हा त्यावरचा उपाय. म्हणजे काम ऐन धुळीतले. यंत्र परदेशी, सुटे भागही दूरचे. अशा रानात वंगणाची एक पाळी चुकली, तर नांगरटीचा हंगामच हातचा जायचा.

पुढे घोटीव धातूच्या कड्यांची पक्की सील आली. रोलरमध्ये तेल कारखान्यातच भरले जाऊ लागले आणि रोजचा पंप सुटला. ही सुधारणा चांगलीच. कुणाचे तरी गुडघे चिखलातून सुटले.

होल्ट यांच्या चाचणीची तारीख इतिहासात आहे. नांगरलेल्या एकरांचे हिशेब सरकारी अहवालांत आहेत. पण पहाटे पट्ट्याशेजारी ओणवे होऊन एकेका रोलरला वंगण पाजणाऱ्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? शेतात पिकलेल्या धान्यात त्याचाही वाटा होता, एवढे तरी आपण म्हणू या.