पायाखालचा साथीदार

परवा नातवाने घरातच मैफल केली. एकटाच, गिटार घेऊन. आधी गिटारच्या लाकडावर थापा मारल्या, पायाने एक डबी दाबली, आणि हात काढून घेतला तरी थापा चालूच! त्यावर सूर, त्यावर गाणं. "आजी, हे लूप पेडल." मी मास्तरणीसारखंच विचारलं, अरे, ही कॉपी नाही का? तो नुसता हसला. मग मीच शोधायला बसले.

कल्पना बरीच जुनी निघाली. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराला एका नाटकासाठी चेट बेकरच्या ट्रंपेटचं ध्वनिमुद्रण वापरायचं होतं. तिथल्या तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर ठेवून एकच फीत दोन्हींतून ओवली. पहिल्यावर मुद्रण, दुसऱ्यावर थोड्या वेळाने तेच ऐकू येणार, आणि तो आवाज परत पहिल्यात. किती वेळाने, तर यंत्रांत जेवढं अंतर तेवढ्याने. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावली, तर साधारण एका मीटरला पाच सेकंद. (त्रैराशिक वहीत मांडून पाहिलं. सवय जात नाही.)

ही जोडणी पुढे ब्रायन ईनोने रॉबर्ट फ्रिपला दाखवली. १९७३ला दोघांची तबकडी निघाली. १९७९मध्ये फ्रिप दोन टेपरेकॉर्डर घेऊन चक्क रेकॉर्डच्या दुकानांतून वाजवत फिरला. मग फीत गेली, चिप आली. २००१मध्ये बॉस कंपनीचं आरसी-२० आलं, आणि २००४ साली बीबीसीवर के. टी. टन्स्टल एकटीने सगळा वाद्यवृंद उभा करून गायली.

आणखी एक गंमत. हाच रायली १९७०मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा घराणं! म्हणजे आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंच. पण क्रम लक्षात घ्या हं, फीत आधी, गुरू नंतर. उगाच 'सगळं आपलंच' म्हणायला नको.

आपला लेहराही फिरून फिरून तोच. पण लेहरेवाला तबलजीकडे बघतो, चुकलं तर सावरून घेतो. पेडल सावरत नाही. त्या दिवशी नातवाची एक थाप जरा उशिरा पडली, आणि दर फेरीला ती तशीच लंगडत परत आली. त्याने सगळं पुसलं, पुन्हा सुरुवात केली. चौथ्यांदा जमलं.

कॉपीचा शब्द मी मागे घेतला आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेलच.