पोपड्यांची कुळकथा

कल्हई उडालेलं पितळी पातेलं नीट पाहावं. कल्हई सगळीकडून सारखी जात नाही. पळी घासते तिथे आणि काठावर पितळ आधी उघडं पडतं. चित्रपटातल्या हेल्मेटला जुनं करणाऱ्या रंगाऱ्याचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणात आहे.

या कलेचं घराणं शोधत गेलं की वाट ‘स्टार वॉर्स’पाशी येते. तोवर पडद्यावरचं भविष्य बहुधा लख्ख असे; कुब्रिकच्या १९६८ सालच्या ‘२००१’मधली यानं आठवावीत. ‘स्टार वॉर्स’चा दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस, त्याला मात्र वापरून मळलेलं विश्व हवं होतं. १९७६ साली ट्युनिशियाच्या वाळूत चित्रण झालं, तेव्हा सैनिकांची पांढरी चिलखतंही कळकट केलेली होती. धुळीसाठी चित्रपटवाले जी ‘फुलर्स अर्थ’ वापरतात, तिची सख्खी बहीण म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती.

पण मातीचा थर पुसला जातो. जखम दाखवायची तर रंगच फोडावा लागतो, आणि तिथे बोबा फेटचं हेल्मेट येतं. हे पात्र आधी पांढऱ्या वेशातला खास सैनिक म्हणून योजलं होतं. जून १९७८ मधल्या चाचणी-चित्रणात ते नखशिखांत पांढरंच दिसतं. पुढे तो पैशासाठी माणसं पकडून देणारा एकांडा शिलेदार ठरला आणि चित्रकार जो जॉन्स्टनने त्याचा वेश रंगवला. हिरवा, तपकिरी लाल, खाली करडा, पोपडे उडाल्यासारखे डाग, माथ्यावर एक पोचा. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सॅन अँसेल्मो गावच्या मिरवणुकीत ‘स्टार वॉर्स’चा खलनायक डार्थ व्हेडर याच्यासोबत हा वेश रस्त्यावर उतरला. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो ‘स्टार वॉर्स’चा पुढचा चित्रपट आला १९८० साली. त्यात या माणसाच्या वाट्याला मोजकीच वाक्यं आहेत. त्याचा पूर्वेतिहास प्रेक्षकांनी त्या ओरखड्यांवरून वाचला, आणि मला हे रंगकामाचं फार मोठं यश वाटतं.

ते हेल्मेट घरी घडवू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे स्वयंपाकघर पालथं घातलं. आधी रुपेरी रंग द्यायचा, तो पूर्ण वाळवायचा. जिथे पोपडा हवा तिथे टूथपेस्ट किंवा मोहरीच्या सॉसचा ठिपका ठेवायचा, वरून हिरवा फवारायचा, वाळला की ठिपका पुसायचा. खाली ‘धातू’ दिसतो. जलरंगवाले कागदाचा पांढरा राखायला रबराच्या चिकाचं मास्किंग फ्लुइड लावतात, त्यातलंच हे तत्त्व. रणगाड्यांच्या प्रतिकृती करणारे खडेमीठ वापरतात. मला मीठच आवडतं. खड्यांचा आकार वेडावाकडा, त्यामुळे पोपड्याची कडही हाताने रंगवल्यासारखी दिसत नाही. शेवटी काळपट रंग पातळ करून फासायचा आणि लगेच पुसायचा. मळ खाचांत उरतो.

नवशिक्याची चूक एकच असते: ओरखडे सगळीकडे सारखे पेरणं. भुवईच्या जागी असलेला पृष्ठभाग खोलगट असेल, तर तिथे काही घासणार कसं? जाणता रंगारी मिठाला हात लावण्याआधी मोकळं हेल्मेट दहादा डोक्यावर चढवतो, काढतो, टेबलावर ठेवतो. बोटं कुठे पडतात, खालची कड कशावर टेकते, ते पेन्सिलने खुणावतो. आणि हे हेल्मेट घालणारा माणूस उजवा आहे की डावखुरा, हेही तेव्हाच ठरवून टाकतो.